पुढच्या वसंताचे कपडे, यंदाच्या पानगळीत

मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

पॅरिसमधल्या झाडांची पानं पिवळी पडू लागली होती. दुकानांच्या काचांमागे लोकरी कोट चढले होते. शहरात या आठवड्यात धावपळ मात्र उन्हाळ्याची होती, तीही २०२६ च्या. तयार कपड्यांचा फॅशन सप्ताह असाच एक ऋतू पुढे चालतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या वसंत-उन्हाळ्याचं कलेक्शन, फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या हिवाळ्याचं. ज्याला ओत कुत्यूर म्हणतात, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापानं हातानं शिवलेले कपडे, त्याचे मेळे जानेवारीत आणि जुलैत वेगळे भरतात. कापडवाले तर याहूनही पुढे असतात. पॅरिसच्या प्रीमिएर व्हिजन या कापडमेळ्यात या सप्टेंबरलाच २०२६-२७ च्या हिवाळ्याचं कापड मांडून झालं होतं. म्हणजे आज ज्या कोटाची कल्पना कुणाच्या डोक्यात आहे, त्याची लोकर बहुधा विणूनही झाली आहे.

मी बेतणी, म्हणजे कपड्याचा बेत ठरवून कापड कापायला, शिकवते. बरोबर भाची होती, ती फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. शोची निमंत्रणं आमच्याकडे नव्हती आणि ती मिळावीत म्हणून आम्ही धडपडलोही नाही. आम्हाला पाहायचं होतं ते कलेक्शनच्या आधीचं. प्रत्येक नव्या कलेक्शनबरोबर एक पत्रक येतं आणि त्यात ‘प्रेरणा’ लिहिलेली असते: अमुक बाग, तमुक चित्रकार, कुठल्याशा प्रांतातला पोशाख. ‘मावशी, हे आधी असतं की नंतर लिहितात?’ असं भाचीनं मला घरी विचारलं होतं. उत्तर शोधायचं तर पॅरिसइतकी सोयीची जागा नाही. इथे प्रेरणेचं मूळ आणि तिच्यातून निघालेला कपडा, दोन्ही पायी फिरण्याच्या अंतरात सापडतात.

सामान टाकून पहिली फेरी रू द ला पे या रस्त्यावर मारली. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसानं १८५८ मध्ये इथं ७ नंबरात आपलं फॅशन-घराणं थाटलं. तोवर शिंपी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून शिवत असे. वर्थनं ते उलटं केलं. आपण ठरवलेले नमुने आधी तयार करायचे, जिवंत मॉडेलच्या अंगावर दाखवायचे आणि गिऱ्हाइकानं त्यातून निवडायचं. कपड्याच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवण्याची रीतही त्यानंच रुजवली. ऋतूगणिक कलेक्शन ही कल्पना इथून पुढे आली. आज त्या रस्त्यावर दागिन्यांची झगमग आहे आणि वर्थची खूण शोधावी लागते. पण त्या दारासमोर उभं राहिल्यावर मला एक गोष्ट लख्ख झाली. शिंप्यानं स्वतः ठरवायचं म्हटलं की त्याला कशावरून तरी ठरवावं लागणार. प्रेरणेची गरज तिथूनच सुरू होते.

बुधवार, १ ऑक्टोबर

सकाळी सजावटी कलांच्या संग्रहालयात, रू द रिव्होलीवर. इथं पॉल प्वारे या फ्रेंच डिझायनरवरचं मोठं प्रदर्शन चालू आहे. प्वारेनं १९०३ मध्ये स्वतःचं घराणं काढलं आणि काही वर्षांतच बाईच्या अंगावरून कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ चोळी, उतरवला. त्याच्याबद्दल नेहमी हे एवढंच सांगितलं जातं. प्रत्यक्ष कपडे पाहिल्यावर खरी करामत दिसते ती टांगणीची. आधीचा पोशाख कंबरेवर पेललेला असे. कंबर आवळलेली, तिथून वर अंगाला घट्ट बसणारी बॉडिस आणि खाली घेर. प्वारेचा कपडा खांद्यावरून खाली सोडलेला आहे. सरळ पट्टे, जवळजवळ आयताकृती तुकडे, शिवणी मोजक्याच. किमोनोसारख्या पूर्वेकडच्या सरळ बेताच्या कपड्यांवर त्याचा जीव होता आणि त्या कपड्यांची रीत त्यानं उचलली ती थेट कात्रीत.

आणि त्याच माणसाची दुसरी गोष्ट. लंडनच्या संग्रहालयात त्यानं भारतीय पागोट्यांचा संच पाहिला, इतका भारला की आपल्या कारखान्यातल्या प्रमुख शिवणकारिणीला तिकडे पाठवून दिलं आणि नमुने उतरवून आणवले. लवकरच पॅरिसच्या उच्चभ्रू बायकांच्या डोक्यावर पिसं खोचलेली पागोटी आली. १९११ च्या जूनमध्ये त्यानं ‘एक हजार दुसरी रात्र’ नावाची मेजवानी दिली, सगळ्या पाहुण्यांना पूर्वेकडचे वेष घालायला लावले, स्वतः सुलतान झाला. चित्रांत ते सगळं देखणं दिसतं. तरी मला ती पागोटी आणि तो सरळ कोट यांत जमीन-अस्मानाचा फरक वाटला. पागोटं उचललं आणि डोक्यावर ठेवलं; काही हंगाम चाललं आणि उतरलं. सरळ बेत मात्र कपड्याच्या हाडात गेला. १९२० च्या दशकात सगळ्या जगानं जो सैल, कंबर नसलेला झगा घातला, त्याची वाट या कोटानं मोकळी केली.

मार्तिन शाळेच्या दालनात आम्ही फार वेळ रमलो. प्वारेनं १९११ मध्ये कष्टकरी घरातल्या मुलींसाठी ही शाळा काढली. त्यांना चित्रकलेचं शिक्षण द्यायचं नाही, हा तिचा नियम. त्यांना बागांमध्ये, प्राणिसंग्रहालयात न्यायचं आणि दिसेल तसं काढू द्यायचं. त्यांच्या चित्रांचे गालिचे झाले, भिंतीचे कागद झाले, कापडं झाली. ती फुलं आजही ताजी आहेत. पाकळ्या मोठ्या, रंग सपाट, कुणाची भीडभाड नाही. भाची म्हणाली, ‘आम्हाला मूडबोर्ड, म्हणजे प्रेरणेच्या चित्रांचा तक्ता, करायला सांगतात, आम्ही फोनवरून चित्रं गोळा करतो.’ मी काही बोलले नाही. तिनं वही काढली आणि दालनातल्या बाकावर बसून रेघा मारायला लागली.

बाहेर पडलो तर शेजारच्याच तुईलरी बागेत दिओर या फॅशन-घराण्याचा मंडप. नवा डिझायनर जोनाथन अँडरसनचं दिओरसाठीचं पहिलं स्त्रियांचं कलेक्शन आज होतं. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग, छायाचित्रकारांची गर्दी, कुणी उतरलं की होणारा गलका. आम्ही बागेच्या लांबच्या टोकाला खुर्च्या ओढून फोनवर पाहिलं. मंडपात उलटा टांगलेला पिरॅमिड होता आणि त्याच्या अंगांवर घराण्याच्या जुन्या चित्रफितींचे तुकडे झळकत होते. मग कपडे आले. दिओरचं १९४७ चं प्रसिद्ध, बारीक कंबरेचं बार जाकीट त्यानं आखडून इतकुसं केलं होतं आणि खाली छोटा चुण्यांचा स्कर्ट. मला धाडस आवडलं. मूळ जाकिटाचा बेत ज्याला पाठ आहे, तोच ते असं लहान करू शकतो. नाहीतर कंबरेचा उतार हरवतो आणि जाकीट धुऊन आटल्यासारखं दिसतं. त्याचं तसं झालेलं नव्हतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

अव्हेन्यू मार्सोवरचं ५ नंबरचं घर. ईव्ह सँ लोराँ या डिझायनरनं १९७४ पासून २००२ पर्यंत इथं काम केलं आणि २०१७ पासून इथं त्याचं संग्रहालय आहे. कपड्यांपेक्षाही मला इथला स्टुडिओ पाहायचा होता. पांढरीशुभ्र खोली, लाकडी आधारांवर ठेवलेलं साधं टेबल, पुस्तकांची कपाटं, कापडांचे तागे आणि एक अख्खी भिंत आरशाची. कपडा मॉडेलच्या अंगावर असताना तो थेट तिच्याकडे पाहण्याऐवजी आरशात पाहत असे. आरशात कपडा एकदम पुढून-मागून दिसतो, अंतर दुप्पट होतं आणि डोळा तटस्थ होतो. मी घरी ट्रायलच्या वेळी आरसा गिऱ्हाइकासाठी ठेवते. आता तो माझ्यासाठीही वापरणार आहे.

कपाटातली पुस्तकं फार बोलकी आहेत. रशिया, मोरोक्को, चीन, स्पेन, चित्रकारांचे जाडजूड ग्रंथ. सँ लोराँ अल्जीरियातल्या ओराँचा, मोरोक्कोतलं मराकेश तर त्याचं दुसरं घर झालं. पण आपल्या कलेक्शनांतले कितीतरी देश त्यानं खुर्चीत बसून, पानं उलटत पाहिले. १९७६ च्या हिवाळी कलेक्शनचा ‘रशिया’ हा रशियातून आलेला नव्हता. तो पॅरिसमध्ये गाजलेल्या बॅले रूस या रशियन नृत्यमंडळीच्या रंगमंचावरून आला होता. सोनेरी किनारीचे कोट, फरच्या टोप्या, शेतकरणींचे घेरदार स्कर्ट, पण तलम तफेता, म्हणजे चमकदार ताठ कापड, आणि रेशमात. यावर आक्षेप घेता येतो आणि भाचीनं घेतलाच: ‘जिथं गेलाच नाही तिथले कपडे कसे काय?’ मला वाटतं, तो प्रामाणिक होता. आपण पाहतो आहोत ते रंगभूमीवरचं स्वप्न आहे हे त्यानं कधी झाकलं नाही. त्या कोटांचे खांदे आणि बाह्यांचा फुगवटा नाटकाच्या वेषासारखा आहे, खेड्यातल्या कपड्यासारखा नाही.

चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून केलेल्या झग्यांवर मात्र आमचं एकमत झालं. १९६५ च्या हिवाळी कलेक्शनमधले ते झगे: पांढरा पृष्ठभाग, काळे पट्टे, लाल-निळे-पिवळे चौकोन. आईनं भेट दिलेल्या चित्रांच्या पुस्तकातून ते सुचलं असं सांगतात. चित्र म्हणून ते इतक्या वेळा पाहिलं जातं की कपडा म्हणून पाहायचं राहून जातं. लोकरीच्या जर्सीचा, म्हणजे लवचीक विणीच्या कापडाचा, हा सरळ झगा दिसायला अगदी सपाट. अंग काही सपाट नसतं. छाती आहे, पाठीचा कणा आहे, कंबर आत जाते. आपण तिथं टक्स घालतो, म्हणजे कापड दुमडून शिवतो. इथं टक्स कुठंच दिसत नाहीत, कारण हे कापड छापील नाही. प्रत्येक चौकोन वेगळा कापून, काळ्या पट्ट्यांशी जोडून शिवला आहे आणि अंगाला लागणारा सगळा बाक त्या जोडांत लपवला आहे. काळी रेघ हीच शिवण. मोंद्रियाननं ज्या सपाटपणाचा ध्यास घेतला, तो जिवंत अंगावर टिकवायचा कसा, हे कोडं सँ लोराँनं सोडवलं. तेच चित्र कापडावर छापून घेतलं असतं तर छातीवरच्या टक्समध्ये लाल चौकोन तिरका गेला असता आणि मोंद्रियान तिथंच संपला असता. या झग्यांच्या नकला बाजारात भराभर आल्या होत्या. नकलेला रेघा दिसतात, रेघांच्या आतलं काम दिसत नाही.

मी वर्गात हा झगा नेहमी शिकवते. आज त्या स्टुडिओत उभं राहून भाचीला तो पुन्हा समजावला, कागदावर रेघा मारून. शेजारी उभी असलेली एक जपानी मुलगी वाकून पाहत होती. तिला भाषा कळली नसेल, पण टक्स कुठं गेला हे दाखवल्यावर ती मान डोलावून हसली.

सँ लोराँचीच एक उलटी बाजूही आहे. १९८८ च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये त्यानं व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची आणि आयरिसची जाकिटं केली. भरतकाम लसाज या कारखान्याचं, एकेका जाकिटाला सुमारे ६०० तास. इथं बेत अगदी साधा ठेवला आहे, चौकोनी खांद्याचं जाकीट. कारण सगळं काम पृष्ठभागावर चालू आहे. टिकल्या आणि मणी आडवे-तिरपे लावून चित्रकाराच्या कुंचल्याचे फटकारे उभे केले आहेत. म्हणजे प्रेरणा बेतातच मुरली पाहिजे हा माझा आग्रह इथं थोडा सैल करावा लागतो. ती टाक्यातही मुरू शकते. अट एकच, टाका त्या कामासाठी नव्यानं विचार करून घातलेला हवा. लसाजच्या कारागिरांच्या हातातली ल्युनेव्हिलची आकडी आणि आपल्याकडची भरतकामाची आरी यांची जात एकच आहे. ताणलेलं कापड, वरून आत जाणारी सुईवजा आकडी आणि साखळीचा टाका.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पहाटेची गाडी पकडून नॉर्मंडीतल्या ग्राँव्हिलला गेलो. तीन तासांहून जास्त प्रवास, सपाट शेतं, मग एकदम समुद्र. वादळाचा इशारा पुढच्या दिवसाचा होता, पण वारा आजच चढलेला. कड्यावर ले रूंब नावाचं गुलाबी घर आहे. क्रिस्तियाँ दिओर १९०५ मध्ये या गावात जन्मला आणि या घरात वाढला. पुढे वडिलांचा खताचा धंदा बुडाला, घर हातचं गेलं. गावानं ते घेतलं आणि आता तिथं त्याचं संग्रहालय आहे.

गुलाबी आणि करडा हे दिओरचे लाडके रंग. भिंती गुलाबी, वाटेवरची बारीक खडी करडी. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की हे दोन रंग त्याच्या मनात या घरानं भरले. हे वाचलेलं होतं. प्रत्यक्षात त्या दोन रंगांबरोबर समुद्राकडून येणारा करडा उजेड आहे आणि त्यात गुलाबी रंग गोडसर दिसत नाही, शांत दिसतो. दिओरचा करडा पाहताना तो इतका उबदार का वाटतो हे मला इथं कळलं.

बाग त्याच्या आईची, मादलेनची. उघड्या कड्यावर, खाऱ्या वाऱ्यात गुलाब लावायचे म्हणजे आधी आडोसा उभारावा लागतो. तिनं पाईनची झाडं आणि दाट झुडपं लावून वारा अडवला आणि आत फुलं जगवली. लहानग्या क्रिस्तियाँला बियाण्यांच्या कॅटलॉगमधली फुलांची नावं आणि वर्णनं पाठ होती. पुढे तरुणपणी त्यानं इथं वेलींचा मांडव आणि छोटं तळं आखलं. ते अजून आहे.

आता १२ फेब्रुवारी १९४७ कडे येऊ. युद्ध संपून दोन वर्षंही झालेली नव्हती, कापडाची टंचाई होती, बायकांचे कपडे चौकोनी खांद्यांचे आणि आखूड होते. अव्हेन्यू मोंतेनवरच्या ३० नंबरात दिओरनं पहिलं कलेक्शन दाखवलं. त्यातल्या एका धाटणीचं नाव ‘कोरोल’, फुलाचा दलपुंज. अमेरिकी संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लूक’ म्हटलं आणि तेच नाव जगभर गेलं. फुलासारखी बाई असं सगळे लिहितात. पण फुलासारखी म्हणजे नेमकं काय केलं? बार जाकिटाला कंबरेखाली दोन्ही बाजूंना भरण घालून गोलाई दिली, जेणेकरून कंबर आणखी बारीक दिसावी. खाली मीटरच्या मीटर लोकरीचं कापड चुण्यांत बसवलं. जवळजवळ प्रत्येक कापडाला आतून पर्केल, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, किंवा तफेत्याचं अस्तर लावलं. ती जुनी, मागे पडलेली पद्धत त्यानं परत आणली. फूल ताठ उभं राहतं ते देठ आणि निदलाच्या आधारावर. पाकळी नुसती मऊ असून भागत नाही. बागेत वाढलेल्या माणसालाच हे कळणार. आडोशाशिवाय इथं फूल जगत नाही हे त्यानं रोज पाहिलं होतं.

या फुलाच्या नावानं त्या काळी टीकाही भरपूर झाली. रेशनच्या दिवसांत एवढं कापड उधळणं अनेकांना रुचलं नाही, आणि बायकांना पुन्हा बारीक कंबरेत बांधणं हा प्रश्न आजही खोटा नाही. भाचीनं तो मांडला, तळ्याच्या काठावर, वाऱ्यात ओरडून. तिचं म्हणणं, अँडरसननं परवा ते जाकीट आखडून सैल केलं ते बरंच झालं. मला दोन्ही हवं आहे: मूळ जाकिटाचं ज्ञान आणि ते मोडायची मोकळीक.

समुद्रात शोझे बेटं दिसतात म्हणे. आज धुक्यात काही दिसलं नाही. परतीची गाडी भरलेली होती. दोघी वेगवेगळ्या डब्यांत बसलो.

शनिवार, ४ ऑक्टोबर

ग्राँव्हिलनंतर लगेच दिओरची गॅलरी, हे आम्ही मुद्दाम जुळवलं होतं. २०२२ मध्ये उघडलेली ही गॅलरी मूळ इमारतीतच आहे. वळणाच्या जिन्याभोवती काचेत रंगांच्या उतरंडीनं मांडलेले चिमुकले कपडे आणि पर्स, सगळे त्याचे फोटो काढत होते. आम्ही थांबलो ते पांढऱ्या दालनात. छतापर्यंत नुसते कच्चे नमुने. महागडं कापड कापण्याआधी मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात जो कपडा शिवून पाहतात, तो. रंग नाही, भरत नाही, टिकली नाही. कलेक्शनची खरी भाषा इथं वाचता येते, कारण झाकायला काहीच नाही. दिओर एकांतात जाऊन शेकडो स्केच काढायचा, ती कारखान्यातल्या प्रमुखांना वाटून द्यायचा आणि त्या स्केचवरून असे पांढरे नमुने उभे राहायचे. स्केच आणि मांजरपाट यांच्यामध्ये जे घडतं ते कारखान्यातल्या बायकांच्या हातांनी घडतं. आज त्यांतल्या फार थोड्या जणींची नावं लोकांना माहीत आहेत.

दिओर प्रत्येक हंगामाला धाटणी बदलायचा आणि तिला नाव द्यायचा. १९५३ च्या उन्हाळ्यात ट्युलिप, १९५४ मध्ये म्युगे, म्हणजे घंटीसारखी इवली पांढरी फुलं. मग फुलं सोडून तो अक्षरांवर आला: एच, ए, वाय. १९५७ मध्ये तो अचानक गेला आणि एकवीस वर्षांच्या सँ लोराँच्या हाती घराणं आलं. त्याचं १९५८ चं पहिलं कलेक्शन समलंबी धाटणीचं होतं, खांद्यापासून खाली पसरणारं. गुरूनं गाजवलेली कंबर शिष्यानं पहिल्याच फटक्यात सोडून दिली.

संध्याकाळी गालिएरा पॅलेस या फॅशन-संग्रहालयात डिझायनर रिक ओवेन्सचं प्रदर्शन पाहिलं. दर्शनी बाजूच्या दगडी पुतळ्यांना टिकल्यांच्या कापडात गुंडाळलं आहे, ते लांबूनच चमकतात. आतला काळोख, काळं-राखाडी कापड, उंच खांदे मला फारसे भिडले नाहीत. भाची तिथून निघायला तयार नव्हती. रात्री बालेन्सियागा या घराण्याचं नवं कलेक्शन आलं. तिथला नवा डिझायनर पिएरपाओलो पिच्चोलीनं सुरुवातच १९५७ च्या सॅक झग्यावरून केली. हा झगा पिशवीसारखा, कंबर नाही, पण पाठीमागे हवा खेळती ठेवणारा. कापड आणि अंग यांच्यामधली रिकामी जागा हीच घराण्याचा संस्थापक क्रिस्तोबाल बालेन्सियागाची खरी इस्टेट. नव्या माणसानं तिथूनच सुरुवात केली, हे योग्य झालं.

रविवार, ५ ऑक्टोबर

वर्सायला गाडी बदलून झुई-आँ-झोझा या लहानशा गावी. हा दिवस माझ्यासाठी सगळ्यात जड आणि सगळ्यात महत्त्वाचा. फिकट कापडावर एकाच रंगात छापलेली खेडुतांची, झाडांची, झोपाळ्यांची चित्रं, ज्याला तुआल द झुई म्हणतात, ती फ्रेंच अभिरुचीची खूण समजली जाते. दिओरनं १९४७ मध्ये आपलं पहिलं छोटं दुकान याच कापडानं सजवलं होतं आणि अँडरसनच्या आधीची डिझायनर मारिया ग्राझिया किउरीच्या काळात ते चित्र घराण्याच्या कलेक्शनांतून आणि पिशव्यांवरून जगभर गेलं.

पण त्या कापडाची मुळं भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावर आहेत. सतराव्या शतकात भारतातून आलेल्या रंगीत, फुलांच्या सुती कापडानं युरोप वेडा झाला. रंग धुतले तरी जात नाहीत, हे तिथं कुणी पाहिलंच नव्हतं. फ्रान्सच्या रेशीम आणि लोकर विणकरांनी ओरड केली आणि १६८६ मध्ये या कापडाची आयात, छपाई, वापर सगळ्यावर बंदी आली. ती १७५९ पर्यंत टिकली, अर्थात कागदावर. लोक चोरून नेसतच होते. बंदी उठली आणि दुसऱ्याच वर्षी, १७६० मध्ये, क्रिस्तोफ-फिलिप ओबेरकाँफनं इथं, बिएव्र नदीच्या पाण्यावर छपाईचा कारखाना सुरू केला.

संग्रहालयात लाकडी ठसे आहेत, तांब्याच्या पत्र्यावरची छपाई आहे आणि चित्रकार झाँ-बातिस्त ह्युएनं १७८३ मध्ये काढलेलं कारखान्याचंच चित्र आहे, कापडावर. त्यात नदीत कापड धुणारी माणसं, ठसे मारणारे, कुरणावर कापड वाळत घालणारे. मी ते पावलापावलानं वाचत गेले आणि प्रत्येक पाऊल ओळखीचं निघालं. ठशानं रंग छापत नाहीत, तुरटी किंवा लोखंडाचं रंगबंधक, म्हणजे रंग कापडात धरून ठेवणारं द्रव्य, छापतात. मग कापड मंजिष्ठेत उकळतात. तुरटी जिथं आहे तिथं लाल, लोखंड जिथं आहे तिथं काळपट. त्याआधी शेणाच्या पाण्यात बुडवून जादाचं रंगबंधक काढतात. मग उन्हात पसरतात, की पांढरा भाग पुन्हा पांढरा होतो.

ही विद्या युरोपात कशी आली याचे कागद आहेत. कोरोमंडलवरच्या कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १७४२ मध्ये मायदेशी सविस्तर पत्र लिहिलं, कापड रंगवण्याची एकेक पायरी सांगणारं. माहिती त्यानं स्थानिक कारागिरांकडून काढून घेतली होती. पत्र लिहिणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं. सांगणाऱ्यांची नावं मला कुठंही दिसली नाहीत.

तरीही मला ओबेरकाँफचा राग आला नाही. तो नक्षी उचलून थांबला नाही. पाणी, रसायन, ऊन, सगळं आपल्या मातीत पुन्हा उभं केलं आणि त्यातून वेगळंच कापड घडवलं. माझी तक्रार नावांविषयी आहे, आणि ती जुनी झालेली नाही. या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या कलेक्शनमध्ये सरळसरळ कोल्हापुरी चपला चालल्या. पत्रकात त्या होत्या ‘चामड्याच्या सँडल’. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली ही वस्तू. गदारोळ झाला तेव्हा कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. तिथं बेतात काहीच मुरवलं नव्हतं, तळ तोच, अंगठा तोच, पट्टा तोच. इतकं जसंच्या तसं घेतलं तर नाव घेणं हे किमान कर्तव्य होतं. उलट २०२३ च्या मार्चमध्ये दिओरनं गेटवे ऑफ इंडियासमोर कलेक्शन मांडलं तेव्हा मुंबईच्या चाणक्य या भरतकाम कारखान्याचं नाव पुढे होतं. दोन्ही मोठी घराणी, दोन्हींना भारतीय हातांची गरज. फरक एका ओळीचा, पण ती ओळ कुणीतरी लिहावी लागते.

भाचीनं परतीच्या गाडीत विचारलं, ‘मग मी माझ्या कलेक्शनमध्ये काय लिहू?’ मी म्हटलं, ‘कुणाकडून शिकलीस ते लिही, आणि तू त्यात काय केलंस ते. दुसरं लिहिता आलं नाही तर कपडा अजून झालेला नाही.’

सोमवार, ६ ऑक्टोबर

बरीच संग्रहालयं बंद. प्लास व्हाँदोमला २८ नंबरात शार्वे हे शर्टांचं दुकान आहे, १८३८ सालचं घराणं. तिथून चालत रू कांबोंवर, शनेलच्या ३१ नंबरापाशी. ही दोन दारं आज जोडली जाणार होती हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. गाब्रिएल शनेलनं पुरुषांच्या कपाटातून भरपूर घेतलं, पण घेताना ते बायकांच्या अंगासाठी नव्यानं मांडलं. अंतर्वस्त्रांत वापरली जाणारी जर्सी तिनं सूटाला आणली. पुढे जाकिटाच्या खालच्या कडेत आतून साखळी शिवली, कापड हलकं असूनही सरळ पडावं म्हणून. ती साखळी बाहेरून दिसत नाही.

रात्री आठला ग्राँ पॅलेमध्ये नवा डिझायनर मातिए ब्लाझीचं शनेलसाठीचं पहिलं कलेक्शन. काचेच्या छताखाली प्रचंड रंगीत ग्रह टांगलेले होते. आम्ही रस्त्यावरच्या अडथळ्यांपलीकडून आत जाणारी माणसं पाहिली आणि मग खोलीवर येऊन व्हिडिओ लावला. पहिलाच पोशाख पुरुषी कापाचा, आखूड जाकिटाचा. आणि मग शर्ट आले. साधे, मोठे, पुरुषी शर्ट, शार्वेबरोबर केलेले आणि शार्वेचं नाव घेऊनच सांगितलेले. खालच्या कडेला साखळीचं वजन, जाकिटातली युक्ती शर्टात आणलेली, त्यामुळे सैल शर्टही अंगावर घरंगळत नाही, टांगलेला राहतो. मला आठवड्यातलं सगळ्यात समाधान या शर्टांनी दिलं. प्रेरणा कुठली ते सांगितलं आहे, तिच्यात काय केलं तेही कडेच्या शिवणीत दिसतं.

शेवटी मोठाल्या फुलांसारखा रंगीबेरंगी स्कर्ट आणि साधा पांढरा टी-शर्टसारखा टॉप घालून एक मॉडेल टाळ्या वाजवत, हसत, नाचत फिरली. भाची तो भाग पुढे ढकलून पुन्हा शर्टांवर आली. थांबवत थांबवत खांद्याची शिवण शोधत होती. खांदा खाली उतरवला आहे हे दिसतं, पण बाही योकला, म्हणजे खांद्यावरच्या वेगळ्या जोडपट्टीला, जोडली आहे की पुढच्या भागातूनच बेतली आहे हे व्हिडिओत कळत नाही. आमचा त्यावर बराच वाद झाला. ती म्हणते योक. मला वाटतं अखंड बेत. दुकानात हे कपडे पुढच्या वसंतात येतील. तोवर तिनं दोन्ही तऱ्हा मांजरपाटात शिवून पाहायच्या, असं ठरलं.